आप्पांच्या पत्रांचे शेवट

पापडी, ३ जून २०२५

ती. यमुनाआत्यास,
सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तुम्ही डबीत जपून ठेवता, म्हणून फोनऐवजी हे पत्र. आप्पांच्या पत्रसंग्रहाची प्रुफं सोबत आहेत. तुमचे वडील मुंबईच्या खोलीतून आजीला लिहायला बसले की चंद्र, पारिजात आणि विरह या तिघांना सुट्टी नसे. त्या काळच्या एकाही कवीने इतकं सुंदर गद्य लिहिलं नाही, हे मी प्रस्तावनेत चाळीस पानं सिद्ध केलं आहे. ती वाचताना उशी जवळ असू द्या.

पत्रांचे शेवट तेवढे कापले. काव्य संपलं की आप्पा थेट केळी आणि म्हशीवर उतरत. रसभंग नको. सातिवलीचा छापखाना तुमच्या संमतीच्या सहीसाठी अडला आहे. लोभ आहेच, तो सहीच्या रूपाने दिसावा.

आपला,
सुमेध

नंदाखाल, ९ जून

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

प्रुफं वाचली. चंद्र पुष्कळ आहे, आई कुठे दिसली नाही.

तुझ्या पुस्तकातली 'प्रिये' नाजूक, कुरळ्या केसांची. आईचे केस सरळ, आणि भरलेली कळशी ती एका हाताने उचलायची. ही कुरळी कोण, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, वरचं ते मासिकासाठी लिहितात, खालचं मला. पत्र आलं की ती शेवटाकडून वाचायला घ्यायची. वरचं सवड झाली तर.

खाली काय असायचं? विहिरीच्या पायरीवर शेवाळ आहे, जपून. केळींना टेकू एकटीने लावू नकोस, शेजारच्या फर्डिनंडला हाक मार. तापाचं औषध संपवलंस का. तू नेमकं तेच कापलंस. आई नसलेल्या पुस्तकावर मी सही करणार नाही. 'रसभंग' म्हणण्याएवढं संस्कृत शिकवणाऱ्या तुझ्या गुरुजींना एकदा परत भेटून ये.

तुझी,
यमुनाआत्या

पापडी, १६ जून

ती. यमुनाआत्यास,
सा. न. वि. वि.

गुरुजी स्वर्गवासी आहेत, त्यामुळे भेटीची घाई करत नाही.

सगळे शेवट परत लावले. लावताना ध्यानात आलं, आप्पांनी चंद्राला औषध घेतलंस का म्हणून एकदाही विचारलेलं नाही. पण छापखान्याचे जेन्सन म्हणाले, पानं वाढणार नाहीत, कागद मोजून आणलाय, काहीतरी काढा सर. आणि बोट ठेवलं ते नेमकं प्रस्तावनेवर. वाचली होती का, हे मी विचारलं नाही. चाळीस पानं गेली. त्यांच्या जागी आता दोनच ओळी आहेत: आजीचं नाव, द्वारका, आणि ती पत्रं शेवटाकडून वाचायची, एवढं. संपादक म्हणून याहून चांगलं मी काही लिहिलेलं नाही. सहीचं तुम्ही ठरवा.

विहिरीकडे जाऊ नका, पायरी निसरडी असेल. माळ्यावरचे नारळ स्वतः काढू नका, मी रविवारी येतोय. गुडघ्याला तेल लावता का? यंत्र डबीतून कानात येऊ द्या.

आपला,
सुमेध

नंदाखाल, २० जून

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

तेल लावते. नारळ तुझ्यासाठी ठेवलेत. तुझ्या पत्राचं वरचं अजून वाचायचं आहे, सवड झाली की बघते.

सही सोबत आहे.

तुझी,
यमुनाआत्या