दादाचा मेंढरांचा खेळ

मंगळवार, वडूज. नुकतेच दिवे लागलेत.

आईचा जुना फोन आज कायमचा गेला. त्यात दादाचा खेळ होता. फौजेत जाण्याआधी त्यानंच तो आईसाठी बनवला होता. ब्राउझर उघडायचा आणि बोटानं मेंढरं कुंपणात हाकायची. आईला वाचता येत नाही, म्हणून शेवटचं मेंढरू आत गेलं की दादाचा आवाज यायचा, "जितलीस गं आये!"

सीमेवर दादाला गमावलं, त्याला चार वर्षं झाली. खेळ ज्या वेबसाइटवर होता, तीही पुढं बंद पडली. खेळ उरला तो फक्त या फोनमध्ये साठवलेला. तो आवाज दुसरीकडं उतरवून घ्यायचा, एवढंच काम होतं. मी रोज 'उद्या' म्हणत राहिले. का?

दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आतलं काय बी निघायचं न्हाई."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. मग ती म्हणाली, "येक मेंढरू मी लय येळ भाईरच ठिवायची. आत घातलं की तुज्या दादाचं बोलणं हुतंय आन् संपतंय. काल तसंच ठिवून उठले."

म्हणजे काल तिनं दादाला ऐकलंच नाही. आजसाठी राखून ठेवलं होतं तिनं.