लाकडी अंगठ्याची खाज

प्रिय दादा,

नमस्कार घ्यावा. (दोन घेतलेत तरी चालतील, दुसरा स्वयंपाकघराकडून आहे असं समजा.) तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा गुडघा? माझ्या तब्येतीची काळजी नसावी. डोक्याची तुम्ही करताच आहात.

तुमची बहीण गेल्यापासून मला स्वयंपाकघरातून तिची हाक ऐकू येते, हे तुमच्याजवळ बोललो तिथेच फसलो. महिनाअखेर येऊन दुकानाला कुलूप घालून मला तुमच्याकडे नेणार, असं तुम्ही जाहीर करून टाकलंत, आणि तोवर माझं डोकं ताळ्यावर यावं म्हणून त्या तत्त्वज्ञाचं जाडजूड पुस्तक पाठवलंत. तुम्ही जन्मभर कॉलेजात तेच शिकवलंत. पोरं झोपली, पण तुम्ही डगमगला नाहीत. मी आपला कृत्रिम पाय करून विकणारा माणूस. तरी वाचलं. गृहस्थ म्हणतो, डोळे फसवतात, कान फसवतात, आपण जागे आहोत की स्वप्नात हेही छातीठोक सांगता येत नाही. तेव्हा ज्यावर म्हणून शंका घेता येईल ते सगळं बाहेर काढा आणि उरेल तेवढंच खरं धरा. म्हटलं, ठीक आहे, घर आवरायला काढतो तसंच आहे हे.

पहिले तावडीत सापडले ते आमचे ड्रायव्हरसाहेब. बस चालवायचे, डावा पाय गुडघ्याखालून गेला, आता मी केलेला लावतात. त्यांच्या त्या नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटते. एकदा गंमत म्हणून मी लाकडी अंगठा कानशीने खाजवला, तर त्यांनी डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडला की बस. तेव्हापासून ते दुकानात येतात, पाय पुढे करतात आणि मी खाजवतो. (याचे पैसे काय लावावेत हे मला अजून कळलेलं नाही.) पुस्तक वाचल्यावर मात्र मी कानस खाली ठेवली आणि त्यांना नीट समजावून सांगितलं की पाय नाही, म्हणून अंगठा नाही, म्हणून खाजही नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाय नाही हे मला ठाऊक आहे हो," ते म्हणाले. "मी पायाचं कुठे विचारलं? खाजतंय, त्याचं काय करता ते सांगा."

पुस्तकात शोधलं, तर तुमचा तत्त्वज्ञही त्यांच्याच बाजूचा निघाला. जे भासतं ते खोटं असेल, पण भासतंय हे काही खोटं नाही, असं त्याचं म्हणणं, आणि त्याखाली तुम्हीच लाल रेघ मारून ठेवली आहे. मी मुकाट्याने कानस उचलली.

घरी मात्र नेटाने चालू ठेवलं. हाक नेहमीची एकच: "अहो, दूध!" मी दूध गॅसवर ठेवून पुढच्या खोलीत दुकानात येऊन बसतो, विसरतो, आणि ते वर यायच्या बेताला आतून हाक येते. पूर्वी धावत जायचो. आता कान फसवतात म्हटल्यावर बसून राहिलो. दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. हाका वाढल्या, आवाज चढत गेला (तो चढलेला बारीक आवाज तुमच्या घराण्याचाच, लग्न नवीन असताना फोनवर तुम्हाला ती समजून मी जे काही बोललो होतो, ते तुम्ही विसरला असाल अशी आशा आहे) आणि मी दातओठ खात खुर्ची धरून बसलो. सगळी पातेली करपून काळीठिक्कर झाली. मग परवा भर दुपारी हाक आलीच नाही. शेवटी मलाच राहवेना, आत गेलो. गॅस बंद होता. दूध तापून तयार होतं आणि पातेल्यावर ताटली ठेवलेली होती, वाफ जायला थोडी फट सोडून. दादा, मी गॅस बंद केला नव्हता. ती रागावली की हाक मारायची नाही, काम स्वतःच उरकून टाकायची आणि मग दिवसचे दिवस बोलायची नाही, हे तुमच्याही वाट्याला आलेलं आहे. माझे पायच गळाले. (आणि ते स्वतःचेच असल्यामुळे दुरुस्तही करता येईनात.)

तुम्ही म्हणाल, गॅस मीच बंद केला असेल आणि विसरलो असेन. असेल. किंवा पुस्तकात म्हटलंय तसा एखादा कपटी राक्षस मला हे सगळं दाखवून फसवत असेल. त्यावरही मी विचार केला. मला फसवायला का होईना, घरात दुसरं कोणीतरी आहे एवढं तर त्यातून सिद्ध होतंच ना? तेव्हा मला न्यायला येऊ नये. मी इथे एकटा नाही, हे तुमच्याच पुस्तकावरून ठरलेलं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
पायवाला मेहुणा

ता. क. वहिनींनी गुडघ्याचं माप पाठवू नये. गुडघा त्यांचा स्वतःचा आहे तोवर माझा इलाज चालत नाही.

पुन्हा ता. क. वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं खरं, पण परवापासून हाक नाही. दूध रोज ठेवतो, मुद्दाम बाहेर येऊन बसतो, उतू जाऊ देतो. आत चूं नाही, गॅसलाही कोणी हात लावत नाही. मला हे सहन होत नाही, दादा. तेव्हा या. बॅगा भरायला नको, नुसते या. मी दुकानात बसेन, तुम्ही आत जा आणि एकदाच तुमच्या त्या आवाजात "अहो, दूध!" म्हणा. अंगठा लाकडाचा आहे हे मला ठाऊक आहे, तरी खाजवा. आणि तुमच्या पाठोपाठ तिथेच, तुमच्या शेजारून आणखी एक हाक आली, तर घाबरून बाहेर पळू नका. तिला ओ मी देईन.