अनोळखी ऑपरेटर

प्रिय बारक्या,

नव्वद किलोच्या माणसाला बारक्या म्हणतात का, असं तुझ्या फोटो-प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी नक्की विचारलं असतं. पण त्यासाठी मी तुला हाक मारायला हवी होती आणि तू वळून बघायला हवं होतंस. मी जिन्यापाशी हातात गोंदाची बाटली घेऊन उभी होते. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, ओळखीच्या शिपायाला हलवतात तेवढीच. मला राग नाही, असं लिहिणार होते. कशाला खोटं लिहू? राग आहे, आणि पत्र संपेपर्यंत तो कमी होईल असं काही दिसत नाही.

माझं काम काय ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. संग्रहालयात फोटोखाली, मूर्तीखाली, फुटक्या मडक्याखाली ज्या चिठ्ठ्या असतात, त्या मी करते. गेली बावीस वर्षं. मजकूर टाइप करायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कडा पट्टीने कापायच्या आणि भिंतीवर सरळ लावायच्या. नियम एकच. कलाकाराने लिहून दिलेल्या मजकुरातला काना-मात्रा बदलायचा नाही; बदलायचाच तर त्याची सही हवी. तुझी यादी माझ्याच टेबलावर आली. सतरावा फोटो: सिनेमाच्या मशीनशेजारी स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेला माणूस, गालावर मशीनच्या दिव्याचा उजेड. त्यापुढे तुझ्या अक्षरात ‘अनोळखी ऑपरेटर’. तळपायाची आग मस्तकात गेली रे. तरी टाइप केलं, कापलं, लावलं. सख्ख्या बापाला अनोळखी ठरवणारी चिठ्ठी मी माझ्या हाताने लावली आणि वाकडी तर नाही ना, हेही लांब जाऊन बघून आले. सवय, दुसरं काय!

मुलाखतींत तू सांगतोस की आमच्या घरात चित्रांशी कुणाचा संबंध नव्हता, मी सगळं एकट्याने शिकलो. अरे वा! तू फोटो टांगलेस त्याच्याच खालच्या हॉलमध्ये बाबांनी एकतीस वर्षं दर शनिवारी दुपारी जुने सिनेमे दाखवले. नाकाची सावली कुठे पडली ते बघून उजेड कुठून येतोय ते ओळखायला तुला कोणी शिकवलं? शेजाऱ्यांनी? आणि तो फोटो काढलास तो शनिवार तू विसरला असशील, असं मला अजिबात वाटत नाही. आई इस्पितळात होती. बाबा तीन रात्री तिच्या उशाशी जागून थेट खेळाला आले होते. तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतास, त्यांच्या मदतीला गेला होतास. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, हे तुला दहाव्या वर्षापासून येत होतं. बाबा म्हणाले, ‘बारक्या, ठिपक्यावर डोळा ठेव, मी जरा टेकतो.’ तू डोळा ठेवलास खरा, पण कॅमेऱ्याला. ठिपका आला आणि गेला. पडदा पांढराफटक, हॉलभर शिट्ट्या. बाबा दचकून उठले आणि तिथल्या तिथे तुला सणसणीत थोबाडीत दिली.

ती चपराक तू चोवीस वर्षं जपून ठेवलीस. पुढचं तुला माहीत नाही, कारण महिन्याभरात तू घर सोडलंस. साहेबांनी जाब विचारला तेव्हा बाबा म्हणाले, ‘माझा डोळा लागला. पोरगा तिथे नव्हताच.’ मुख्य ऑपरेटरची जागा त्यांना मिळणार हे ठरल्यात जमा होतं. ती त्यांनीच शिकवलेल्या माणसाला मिळाली आणि बाबा निवृत्तीपर्यंत त्याच्या हाताखाली राहिले. हे तुला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. आज मोडली.

काचबिंदूने त्यांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो. तुझं प्रदर्शन रेडिओवर ऐकलं आणि इस्त्रीचा शर्ट काढ म्हणाले. मी आज-उद्या करत होते, ते ऐकतायत कुठे! बुधवारी नेलं. प्रत्येक फोटोपुढे मी वर्णन करायचं आणि त्यांचा एकच प्रश्न, उजेड कुठून येतोय? सांगितलं की मान डोलवायचे, ‘बरोबर घेतलाय गाढवाने.’ सतराव्यापाशी मी म्हटलं, हे तुम्ही आहात, स्टुलावर झोपलेले. मग म्हणाले, ‘म्हणजे तेव्हा हे चाललं होतं होय!’ आणि हसले. अरे, चक्क हसले. मग विचारलं, खाली काय लिहिलंय? बावीस वर्षांत काना-मात्रा बदलला नाही मी, पण तोंडातून निघून गेलं, ‘माझे बाबा.’ त्यांनी हात पुढे करून काच चाचपली. रखवालदार ओरडला तरी हात काढेनात.

तेव्हापासून घरी हेच पुराण. न्हाव्याला, दूधवाल्याला, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालासुद्धा, ‘माझ्या पोराने खाली लिहिलंय.’ काल त्यांनी आपल्या जुन्या दोस्ताला, हॉलच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या काकांना, रविवारी प्रदर्शन बघायला बोलावलं. काका तुला आठवत असतील. दारावरचं ‘ढकला’ मोठ्याने वाचल्याशिवाय दार न ढकलणारे. सतराव्या फोटोपुढे ते काय करतील ते मी डोळे मिटून सांगते. म्हणून तुला चार फोन केले. तुझ्या मदतनीस बाई गोड आवाजात म्हणाल्या, सर मजकुराबद्दल बोलत नाहीत, ‘अनोळखी’ ही सरांची भूमिका आहे. भूमिका! बाप जिवंत बसलाय आणि म्हणे भूमिका.

तेव्हा आता ऐक, हे पत्र कशासाठी ते. आज सकाळी दारं उघडायच्या आधी मी तुझी चिठ्ठी काढली आणि दुसरी लावली. ‘माझे बाबा.’ परवानगीच्या कागदावर कलाकाराच्या जागी सही माझी आहे, आणि ते मी स्वतःच जाऊन संचालकबाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, नियम तो नियम. शनिवारी त्या तुला फोन करणार आहेत. तू नाही म्हणालास तर जुनी चिठ्ठी परत लागेल आणि मी घरी बसेन. माझं मी बघून घेईन, पण रविवारी काका ती चिठ्ठी मोठ्याने वाचतील आणि बाबा शेजारी उभे असतील. माफी माग, भेटायला ये, असलं काही मी म्हणत नाही. येऊच नकोस, आलास तर मला तुझ्याशी हसून बोलावं लागेल आणि ते जमणार नाही. बाई फक्त एवढंच विचारतील की फोटोतले गृहस्थ तुमचे वडील आहेत का. हो म्हण. मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये.

कागदोपत्री का होईना, तुझीच
ताई