झोपाळू मूग

२८ सप्टेंबर, अमरावती

प्रणालीचा फोन. पोरगी पाच वर्षांपासून अकोल्याला बियाण्यांवर पीएच.डी. करून राहिली, आणि मी पाच वर्षांपासून शेजारणींना ‘काहीतरी मुगाचं आहे’ एवढंच सांगते. आज नीट विचारलं.

“आई, जनुक म्हणजे साहेब समज. तो हुकूम सोडते — ‘कोंब काढ’. पण वाटेत एक छोटा आरएनए बसला असते. वीस-बावीस अक्षरांचा, बस! त्याची अक्षरं हुकमाशी जुळली की हुकूम तिथंच कापला जाते. बी झोपून राहते.”

म्हणजे आमचंच घर की! आमचे हे, नत्थुजी, हॉलमधून हुकूम सोडतात, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मरतो. पाच वर्षं कशाला लागली?

काढणीच्या वेळी पाऊस लागला की मुगाला झाडावर, शेंगेतच मोड येतात. उभ्या शेताची उसळ! पण तेल्हाऱ्याच्या माझ्या माणिकबाई आत्याचा गावठी मूग ढिम्म झोपून असतो. त्याला कोण झोपवतं, हे प्रणाली शोधते आहे. हिरव्या शेंगेपासून वाळल्या शेंगेपर्यंतचे दाणे या खरिपात जमवले, नळ्यांत भरले, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवले. त्यातून काही निघालं तर मार्चमध्ये प्रबंध. नाही तर फेलोशिप संपली, पाच वर्षं पाण्यात.

१ ऑक्टोबर, अकोला. खंडेनवमी

आज जे पाहिलं ते लिहिताना हसावं की डोकं धरावं —

नत्थुजींनी एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं पान्यांची पूजा केली. रिटायर झाल्यापासून खंडेनवमीला हात शिवशिवतात. “यंदा पोरीच्या हत्याराची पूजा करू!” प्रणालीच्या गाइड माया मॅडम म्हणाल्या, या की, आम्हीही करतोच. सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार. नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राला हळदकुंकू. इथपर्यंत ठीक.

प्रणाली नारळ आणायला खाली गेली आणि नत्थुजी म्हणाले, “हे तं नुसते यंत्रं. खरं हत्यार फ्रीजरमंधी आहे.” काढला डबा! पाटावर ठेवला, अक्षता वाहायला झाकण उघडलं. प्रणाली नारळ घेऊन दारात आली आणि तिथेच थिजली. आणि या गृहस्थांनी डोळे मिटून आरती सुरू केली. गणपतीची, देवीची, शंकराची — कुणालाच पाठ नसतात ती कडवीसुद्धा! आरती मध्येच तोडायची कुणी? मॅडम टाळ्या वाजवत होत्या. डबा कसला, हे त्यांना कापूर विझल्यावर कळलं.

तोवर नळ्यांना घाम फुटला होता. दाण्यांतला आरएनए एवढा नाजूक की हाताच्या घामानेही मरतो. दाणे वितळले की खेळ खलास.

मॅडम स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “आता काय बोलावं! पूजाच केली ना त्यांनी.” हेच शिपायाने केलं असतं तर संध्याकाळपर्यंत घरी बसला असता.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटलं. प्रणाली रडली नाही, हे जास्त वाईट. नत्थुजी मूग गिळून बसलेत — कुणाचा, ते सांगायला नको. त्यांच्या वाटचं मीच बोलले. पुष्कळ बोलले.

५ ऑक्टोबर, तेल्हारा

माणिकबाई: “आता? या दिवसात मूग? डोकं ठिकाणावर हाय काय वो तुह्यं?” सगळं सांगितलं. हसता हसता तिला ठसका लागला. “जावई लय देवभोळे बाई!” पण दोन ओंजळी बी दिलं.

अकोल्याच्या शेतात आता हरभरा पडणार. म्हणून नव्या पेऱ्याला आमची अमरावतीची गच्ची. रंगाच्या रिकाम्या बादल्या, काळी माती आणि प्रायश्चित्त घेणारा एक मेकॅनिक. शेजारच्या बादल्यांत बाजारचा साधा मूग, तुलनेसाठी.

१४ ऑक्टोबर

उगवला! नत्थुजींनी मला गच्चीवर जोरात बोलायची बंदी केली आहे. रोपं दचकतात म्हणे.

१६ नोव्हेंबर

फुलं. पिवळी, फुलपाखरू मिटून बसावं तशी.

‘फ्रीजरातला देव’ हा माझा लेख आज रविवारच्या पुरवणीत आला. नाव कुणाचंच नाही, पण अख्ख्या गल्लीला कळलं. समोरचे किसनराव फाटकातूनच ओरडले, “काय नत्थुजी, आमच्या फ्रीजची पूजा कधी?” हे म्हणतात, “करू ना! आधी आतलं आइस्क्रीम मले देऊन टाका.”

राग नाही, लोभ नाही. असल्या माणसावर विनोद लिहिण्यात मजा येत नाही. तरी लिहिला. चांगला झालाय.

१२ डिसेंबर

शेंगा जागच्या जागी गोठवायला प्रणाली द्रव नायट्रोजनचा कॅन घेऊन आली. धूर पाहून शेजारी जमा! बाप-लेक हातमोजे घालून शेंगा खुडत होते. “बाबा, झाकण.” “हो मॅडम.” “बाबा, श्वास तिकडं सोडा.” “हो मॅडम.” तीस वर्षांच्या संसारात एवढा आज्ञाधारकपणा मला दिसला नव्हता.

१८ डिसेंबर

वाळलेल्या शेंगांवर चार दिवस पाण्याचे फवारे. बाजारच्या मुगाला शेंगेतच मोड. माणिकबाईचा मूग झोपलेला. नत्थुजी कुजबुजले, “पाह्य, घोरून राहिला.” आम्ही दोघं बराच वेळ बादल्यांपाशी बसलो. ऊन छान होतं.

२२ जानेवारी

आरएनए शाबूत! माणिकबाईच्या मुगात शेंग पिकता पिकता एक छोटा आरएनए पटापट वाढतो आणि कोंबाचा हुकूम कापला जातो. बाजारच्या मुगात तो जेमतेम. मॅडम म्हणतात, आणखी एकदा तपासू, पण प्रबंध उभा राहिला.

मी फोनवरच ओरडले. पलीकडे पोरगी रडायला लागली.

“आई, तो डबा बाबाच्या आधीच गेला होता. सप्टेंबरात एका रविवारी फ्रीजरवर लक्ष ठेवाची पाळी माही होती. मी मैत्रिणीच्या साखरपुड्याले परतवाड्याले गेली. दिवसभर लाईट नव्हती. आली तं सारं वितळून पुन्हा गोठलं होतं. मॅडमले सांगाची हिंमतच झाली नाही. अन् मंग बाबानं डबा बाहेर काढला... मी चूप राहिली. बाबाले नको सांगू.”

२३ जानेवारी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. चहा देताना सांगून टाकलं.

नत्थुजी बादल्या धूत होते. धूतच राहिले. “मले मालूम आहे. झाकण उघडलं तं आत बर्फाची सलग लादी. एकदा पाणी झाल्याबिगर लादी होते काय? तेवढ्यात पोरगी दारात आली. तिचं तोंड पाह्यलं — अन् आरती सुरू केली.”