डावीकडे फिरणारं चक्र

प्रिय गॅरेट,

पाकिटावर आईचं अक्षर बघून तू दचकला असशील. आपल्या घरात पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचीच बातमी, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. मी आहे, बाबा आहेत, ते म्हातारं कुत्रंसुद्धा आहे. हे मी शेजारच्या डेलाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. अंडी द्यायला जाते म्हणून घरून निघाले. फोन करता आला नाही, कारण फोन भिंतीवर आणि त्याच्या खालच्या खुर्चीत दिवसभर बाबा. मी कुणाशी काय बोलते याच्याकडे त्यांचे कान टवकारलेले असतात. आणि डेलाचा फोन गुरुवारच्या वाऱ्यात बंद पडला तो अजून बंदच आहे.

मागच्या वेळी तू अलास्काहून फोन केलास तेव्हा मी म्हटलं होतं, बाबा जरा विसरतात, वय झालं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आधी कुंपणाचं फाटक उघडं ठेवून यायचे, मग मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले, आयडा, कॉफी आण. मी म्हणायचे, आयडाची कॉफी म्हणजे गटाराचं पाणी, माझीच प्या. हसायचे. शिशिरापासून हसणं संपलं. आता त्यांना गवताच्या गंजीपाशी माणसं दिसतात. त्यांच्या वडिलांच्या काळात गुरं चोरीला गेली होती ना, ते चोर आता आमच्या अंगणात परत आलेत. मी म्हणते, तिथे कुणी नाही. ते माझ्याकडे असं बघतात, जणू मीच त्यांना सामील आहे.

आणि कमरेला रिव्हॉल्व्हर. ती तर तू जन्मल्यापासून बघतोयस. शहरातल्या लोकांना वाटतं, कमरेला बंदूक लावणारा माणूस भांडखोर असणार. आपल्याकडे ती फावड्यासारखीच, कामाची वस्तू. पेंडीच्या दुकानात बाबा आणि दुकानदार हॅलोरन कसे भांडायचे आठवतं? हॅलोरन म्हणायचा, अस्वलाच्या मुलखात राहायचं तर चव्वेचाळीस नंबरच्या गोळीचीच बंदूक हवी, तुझी ती मॅग्नम म्हणजे तिचं धाकटं भावंड. बाबा म्हणायचे, चव्वेचाळीस घेऊन तू सापाला मारशील तर साप जाईल आणि पंपाची खोलीही जाईल. मग कुणीतरी त्याहून हलक्या अडतीसचं नाव काढायचं आणि दोघं एक होऊन त्याच्यावर तुटून पडायचे. अडतीसची गोळी अस्वलाला लागली तर ते मागे वळून विचारेल, कुणी हाक मारली का?

पण त्यांना त्यांची मॅग्नम आवडायची ती याचसाठी, की तिच्या चक्रात, त्या सहा घरांच्या पोटात, सगळं मावतं. तुला त्यांनी शिकवलंय, मला नव्याने शिकावं लागलं. मॅग्नमची लांब काडतुसं तर चालतातच, अडतीसची आखूडही चालतात, जाडी सारखीच. डबे फोडायची हलकी, सापासाठी बारीक छर्‍यांची, सगळ्यांना एकच घर. उलटं मात्र चालत नाही, मॅग्नमचं काडतूस अडतीसच्या बंदुकीत घालायचं नाही. बाबा म्हणायचे, मोठ्या घरात लहान नांदतं, लहान घरात मोठं नांदवायला गेलं की घर फुटतं. उन्हाळ्यात पहिली दोन घरं छर्‍याची, कारण साप पायाशी असतो. हरणांच्या दिवसांत डोंगरात जाताना सगळी जड, म्हणजे मॅग्नमचीच. आणि बंदुकीच्या घोड्याखालचं घर कायम रिकामं, ही त्यांच्या आजोबांची सवय. हल्लीच्या बंदुकांना त्याची गरज नाही म्हणतात, पण आजोबांना कोण सांगणार.

डोळ्यांत मोतीबिंदू आणि बोटं कापतात, म्हणून हिवाळ्यात एके दिवशी त्यांनी काडतुसं माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, तूच भर. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. मी मॅग्नमच्या जागी अडतीस भरली. त्यांनी कुंपणावरच्या डब्यावर एक झाडली आणि कुरकुरले, आवाज बसलाय, दारूला ओल लागली असेल. मी म्हटलं, असेल. पुढच्या आठवड्यात त्याहून हलकी. मग छर्‍यांची. बाळा, मी काय करत होते कळतंय ना? एकदम हातातून काढून घेता येत नव्हती, म्हणून एकेक पायरीने त्या बंदुकीचे दात काढत होते. सगळी त्याच चक्रात बसत होती म्हणून हे जमलं.

सगळे दात एकदम काढून बघितले नाहीत असं नाही. एका सकाळी झाडलेल्या काडतुसांची नुसती रिकामी पितळं घातली. त्यांनी बंदूक हातात तोलली, एक काडतूस कानाशी हलवलं आणि म्हणाले, माझ्याशी खेळतेस? आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. बिछान्याखालच्या पेटीपासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळं घर त्यांनी उलथंपालथं केलं, खरी काडतुसं सापडेपर्यंत. त्यानंतर मी रिकामी घालायचं नाव काढलं नाही. शिवाय त्यांची एक अट होती, एक तरी जड हवीच. बोटाने चाचपून बघायचे, लांब काडतूस लागलं की समाधान. मी विचार केला, असू दे. चार घरं छर्‍याची आणि जड एक अगदी शेवटी, जिथे पाळी येणारच नाही. कधी झालंच काही, तर पहिला बार छर्‍याचा होईल. माणूस ओरडेल, रक्त निघेल, पण जगेल. माणूस म्हणजे मी. हे मी रोज सकाळी टेबलाशी बसून, त्यांच्यासमोर, कॉफी पीत करत होते. आधी भांडी घासायचे, गरम पाण्याने बोटं जरा वळायची.

गुरुवारी दुपारी वारा सुटला होता. कोंबड्यांची खुराडी बांधायला गेले ती बाबांचा गोठ्यातला जुना कोट आणि तुझी ती निळी टोपी घालून. खिळ्यावर होती, घातली. परत येताना नेहमीसारखी मागच्या दाराने आत शिरले. बाबा स्वयंपाकघरात उभे होते. त्यांना मी दिसलेच नाही रे, त्यांना एक माणूस दिसला. थांब, म्हणाले. मी टोपी काढायला हात वर केला, आणि त्यांनी चाप ओढला.

मी छर्‍यांची वाट बघत होते. खरंच सांगते, त्या क्षणात मी डोळे मिटून तोंड वळवलं, छर्‍यांसाठी. पण तो आवाज छर्‍यांचा नव्हता. तो आवाज मी महिनोन्‌महिने ऐकला नव्हता. माझ्या खांद्याजवळची चौकट फुटली, गोळी मागच्या फळीतून कोठीत गेली आणि पीचच्या बरण्या फुटल्या. पाक जमिनीवर आला, मी त्यातच बसले. कानात नुसती शिट्टी. कुठे लागलंय म्हणून मी अंग चाचपत होते आणि हाताला सगळीकडे पाकच लागत होता.

टोपी पडली होती. त्यांनी माझे केस बघितले आणि त्यांचा चेहरा बदलला. तू तो चेहरा बघायला नव्हतास ते बरं झालं. ते आले, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले, ते गुडघे, ज्यांच्यामुळे चर्चमध्येसुद्धा वाकत नाहीत. त्यांनी चक्र उघडलं आणि काडतुसं एकेक करून तळहातावर घेतली. चार छर्‍यांची आणि एक रिकामं, लांब, अजून गरम. अंगठ्याने त्यांनी एकेक चाचपलं. मोतीबिंदू असो नाहीतर काही असो, हे वाचायला त्यांना डोळे लागत नाहीत. मी गेले कित्येक महिने काय करत होते, कुणाला घाबरत होते, आणि कुठे चुकले, सगळं त्यांनी त्या तळहातावर वाचलं.

"पहिली छर्‍याची ठेवली होतीस ना?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"लव्हॉन, हे चक्र डावीकडे फिरतं."

मी माझ्या वडिलांच्या बंदुकीवर शिकले, गॅरेट. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं, आणि तिचं उजवीकडे सरकायचं. ह्या घरात येऊन एवढा जन्म गेला, बाबांची बंदूक मीही चालवली, पण सगळी काडतुसं सारखी असली की चक्र कुठे फिरतं याच्याशी कुणाला काय करायचंय? वेगवेगळी भरली की मगच पहिलं कोण आणि शेवटचं कोण याला अर्थ येतो. मी ज्याला शेवटचं समजत होते, ते रोज पहिलं होतं. रोज, गॅरेट. जेवताना, झोपताना, मी त्यांच्या शेजारी बसून मोजे विणत होते तेव्हाही.

ते त्या पाकात माझ्या शेजारी बसून रडले. मग डोळे पुसून अगदी पूर्वीच्या आवाजात बोलले, ज्या आवाजात तुझ्या शाळेच्या मास्तरांशी बोलायचे.

"गॅरेटला बोलाव. म्हणावं, सगळ्या बंदुका घेऊन जा. मी देणार नाही. तरी घेऊन जा. तेव्हा नाही म्हणणारा मी नसेन, हे त्याला सांग."

मी हो म्हटलं. वाटलं, देवाने ऐकलं. मॅग्नम मी धान्याच्या कणगीत खोल पुरली. पण बंदुकांच्या कपाटाची किल्ली मागायला गेले तोवर संध्याकाळ झाली होती, आणि बाबांनी मला विचारलं, पीचच्या बरण्या कुणी फोडल्या? किल्ली त्यांच्या गळ्यात असते, झोपेतही मुठीत. सकाळी कमरेला मॅग्नम नाही म्हणून मला चोर म्हणाले, आणि ज्या चव्वेचाळीसला हसायचे तीच ट्रकमधून आणून लावली. ती ते स्वतःच भरतात, कापऱ्या हातांनी, माझा विश्वास उरला नाही म्हणून. सगळी जड. चव्वेचाळीसमध्येही हलकी बसतात म्हणे, पण घरात एक नाही, आणि असती तरी मला आता कोण हात लावू देतंय.

शेरीफला बोलवावं असं डेला म्हणते. तिला काय जातंय बोलायला. फाटकापाशी गणवेशातला पोरगा उतरला, बाबांना तो गुरं चोरणारा वाटला, आणि त्यांनी कमरेला हात घातला, तर तो पोरगा काय करेल? त्याचीही आई असेल. तो बाबांना मारेल नाहीतर बाबा त्याला, आणि दोन्ही वेळा मी खिडकीत उभी असेन. त्यांना सोडून इथे डेलाकडे राहावं असंही वाटून गेलं. पण शेगडी पेटवून विसरतात. आणि मला सोडवत नाही, हे खरं कारण. मी घाबरते, खूप घाबरते, दार उघडण्याआधी बाहेर उभी राहून स्वतःचंच नाव मोठ्याने घेते, लव्हॉन आली, लव्हॉन आली. आणि तरी त्यांच्या ताटात मऊ भाकरी पडली का हे बघितल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

म्हणून हे लिहिलं. तू ये. सूनबाई टेस आणि तुझ्या पोरीला गावातच ठेव, त्यांना इकडे आणू नकोस. मागच्या दाराने येऊ नकोस, टोपी घालू नकोस. गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपाशी गाडी थांबव, हॉर्न वाजव, आणि मी एप्रन हलवेपर्यंत खाली उतरू नकोस. फ्रीजवरच्या फोटोतल्या तुझ्याकडे बोट दाखवून त्यांनी मला परवा विचारलं, हा माणूस आपल्या घरात कशाला आलाय? तेव्हा मुलगा म्हणून आलास तर काय होईल मला सांगता येत नाही. पण गुरांचा व्यापारी म्हणून आलास तर ते तुला आत घेतील. व्यापारी त्यांना अजून आवडतात, आणि पाहुण्यासोबत कमरेला बंदूक लावून कॉफीला बसायचं नाही, हा नियम ते अजून विसरलेले नाहीत. पट्टा काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवतात. मी तुला खुंटीच्या बाजूची खुर्ची देईन. बछड्यांचे भाव विचार, त्यांना बोलू दे, मग मी त्यांना गोठ्यात घेऊन जाते. चव्वेचाळीस आधी घे. कपाटाला किल्ली लागणार नाही, हत्यारं घेऊन ये आणि मागची फळी काढ. आणि बाळा, काळीज घट्ट करून एक कर. ते तुझा हात हातात घेऊन नाव विचारतील. तुला काय वाटेल ते मला कळतंय. पण त्यांना बाबा म्हणू नकोस.

तुझीच,
आई