व्याह्यांनी हात आखडला

प्रिय मैना,

जनकपूरहून तुझे निरोपावर निरोप आले आणि माझ्याकडून हूं नाही की चूं नाही. रागावली असशील तर रागाव, तुझा हक्कच आहे. पण आधी बातमी ऐक. मृदुलाचं लग्न पार पडलं. नीट, हसतखेळत पार पडलं. मधे एक वेळ अशी आली होती की वऱ्हाड भरल्या ताटावरून उठून जातंय आणि पोरीचं नशीब तिथंच फुटतंय असं वाटलं होतं. आता ते सगळं तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही.

गेल्या वर्षी फागुनात हे गेले, तेव्हा तू येऊन गेलीस. त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. पांढरी साडी आली, ताटातला मासा गेला, ते सगळ्याच विधवांचं होतं. पण माणसं माझ्याशी बोलायला लागली ती तापातल्या लेकराशी बोलावं तशी. माझी नणंद बुलबुल आठवते ना? मी नवरी होऊन आले त्या दिवसापासून "काय गं बेडकाचे लेकी" म्हटल्याशिवाय तिचा दिवस उगवायचा नाही. तीसुद्धा खाली मान घालून "वहिनी, जेवलात का?" असं विचारू लागली. अगं, त्या "जेवलात का"नं मला जेवढं रडवलं तेवढं श्राद्धानंही रडवलं नाही. ही बाई आता थट्टा करण्याच्या लायकीची राहिली नाही, असं साऱ्या गावानं मिळून ठरवून टाकलं होतं. ज्याला त्याला मी बिचारी! बिचारी, सावलीत बस. बिचारी, तू राहू दे. एखाद्या दिवशी वाटायचं, कुणीतरी मला कचकचून शिवी हासडावी.

मृदुलाची सोयरीक यांनीच हयातीत ठरवून ठेवली होती, तारानंद मिश्रांच्या थोरल्याशी. वर्षश्राद्ध झालं आणि थोरल्या दिरांनी वैशाखातला मुहूर्त धरला. धरला तो धरला, वर फर्मान काढलं, की घर दुःखातलं आहे, व्याह्यांच्या पंगतीला गारी, ती शिव्यांची गाणी, गायची नाहीत. जाऊबाईंनी मान डोलावली. बायकांनी मान डोलावली. मी कोठीघरात तांदूळ निवडत होते, मला कोण विचारतंय! खरं सांगू का, मला हायसंच वाटलं. आजवर गावात गारी गायची मी; माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी त्या गायलेल्या मला ऐकवल्या नसत्या.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी अंगणात भाताची पंगत बसली. दाळ, भात, तिळकोराच्या पानांची भजी, मोहरी लावलेला रोहू मासा, सगळं सगळं वाढून झालं. दिरांनी हात जोडले, "घ्या, सुरुवात करा." आणि तारानंदबाबूंनी हात आखडला. व्याही जेवत नाहीत म्हटल्यावर बाकीचे कसे जेवणार? साऱ्या पंगतीचे हात मांडीवर. भजी गार व्हायला लागली. दिरांनी विचारलं, काही चुकलं का? तारानंदबाबू म्हणाले, "एक गोष्ट ठरली होती. ती अजून मिळालेली नाही."

मैना, दाराआड मृदुला माझ्याशेजारी बसली होती, तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी असती तर फुटली असती. मोटारसायकल? शेत? हे जाताना मला काही बोलले नव्हते. दिरांचा चेहरा तर चुनकळीसारखा पांढरा. चाचरत म्हणाले, "आमच्या भावानं काय कबूल केलं होतं, आम्हाला कल्पना नाही, पण आमच्या ऐपतीत असेल तर..."

"ऐपतीतलंच आहे," तारानंदबाबू म्हणाले. "मी श्रीकांतबाबूंना म्हटलं होतं, हुंडा नको. ते म्हणाले, मग रिकाम्या हातानं कसे जाल? माझी बायको तुम्हाला अशा गारी देईल, की तुमच्या सात पिढ्या खाली माना घालून ऐकतील. मी म्हटलं, ठरलं! आता बसलोय केव्हाचा, आणि तुमच्याकडे सामसूम. एक शिवी नाही? आम्ही काय परके? का हे तेराव्याचं जेवण आहे?"

पंगतीतून कुणीतरी खुदकन हसलं. जाऊबाईंनी घाईघाईनं दोघी-तिघींना पुढं ढकललं, आणि त्या कसंबसं गायल्या, की व्याही आमचे भोळे, त्यांचे घारे डोळे. तारानंदबाबूंनी कपाळावर हात मारला. "अहो, ही आरती झाली! मी काय देव आहे?" दीर खालच्या आवाजात म्हणाले, की जिला गारी येतात तिचं आता असं झालंय. तर तारानंदबाबू केवढ्यांदा म्हणाले, "तिचा नवरा गेला. गळा कुठं गेलाय?"

मी थोरल्या दिरांच्या कानावर कधी साधा आवाज पडू दिला नव्हता, तुला माहितीये. पण यांनी शब्द दिलेला, आणि माझ्या जिवावर दिलेला! भले शाबास, मला न विचारता! मला यांचा असा राग आला, असा राग आला, की त्या रागातच तोंड उघडलं.

पोट बघा व्याह्यांचं, मडकं कुंभाराचं,
बाप कोण व्याह्यांचा, गावाला विचारायचं!

आवाज आधी फाटला. मग लागला. दुसरी ओळ संपायच्या आत बायका मागं येऊन उभ्या राहिल्या.

जेवायला बसले मिशांना पीळ देऊन,
आई गेली यांची गारुड्यासंगे पळून!

तारानंदबाबूंनी "वाह!" म्हणून पहिला घास घेतला, आणि हसता हसता त्यांना असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. मग मी त्यांची बहीण काढली, आत्या काढली, मेव्हण्याला गाढवावर बसवलं. त्यांचे हेडमास्तर चुलते रुसून बसले, की सगळ्यांना मिळालं, आमचंच नाव नाही, म्हणून त्यांनाही दोन ओळी दिल्या, जरा जास्तच तिखट. ते तृप्त झाले. तारानंदबाबूंनी तिसऱ्यांदा भात मागितला आणि डोळे पुसत म्हणाले, "श्रीकांतबाबू, फिटलं." ते ऐकून मी दाराला टेकून रडले गं, आणि रडतानाही बुलबुलनं मला चिमटा काढला, "ओरडली एकदाची बेडकाची लेक!" वर्षभरात इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. मृदुला हसत होती. पोरीला हसताना बघून छातीवरचा धोंडा उतरला.

आता पत्राचं कारण. श्रावणात नव्या नवरीच्या मधुश्रावणीच्या पूजेला तिच्या माहेरी सासरचं सामान येतं, ते एरवी गड्यांच्या डोक्यावर येतं. यंदा विहीणबाई स्वतः येणार आहेत, दोन जावा घेऊन. तारानंदबाबूंनी घरी जाऊन माझ्या गारी साभिनय गाऊन दाखवल्या म्हणे! परवा त्यांची न्हावीण आली होती चौकशीला. सुपारी कातरत म्हणाली, "वहिनी, तुमचं नाव काय? आईचं काय? मामा कोण? माहेरी कुणाच्या आंब्यावर दगड मारले? मालकिणीनं सगळं विचारून यायला सांगितलंय, गारीत घालायचंय." मैना, विधवेचं नाव गारीत कुणी घालतं का? गावात मी आधी माहेरच्या गावावरून पाहीवाली होते, मग बिचारी झाले. मी ताठ बसले आणि नाव सांगितलं. दोनदा सांगितलं, विसरू नये म्हणून. ती बाई माझी अब्रू काढायला येतेय, नावगावासकट, आणि मी एकटी तिला पुरी पडायची नाही. गडबड करू नकोस, पण श्रावणाआधी ये.

तुझीच,
फूलदाई