मराठी ओळी पुसल्या त्या रविवारी

प्रताप नगर, नागपूर
२८ जुलै २०२५

ती. मोनालीताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तू कॉलेजचंच काढते, म्हणून लिहून राहिलो. कॉलेज सुटलं तरी फिल्म क्लब सोडला नाही. दामिनी येते तिथं. काल इराणी सिनेमा पाहताना मले रडू आलं. क्लब चालवणारा स्वानंद तिच्यासमोर म्हणाला, हा जागतिक सिनेमा आहे, रडाचं असन तर मालिका पाह्य. दामिनी हसली. ते हसणं मी विसरणार नाही.

दहा तारखेले तुर्की सिनेमा आहे. पडद्यावर खाली संवादाच्या मराठी ओळी येतात, त्या मीच टाईप केल्या, लॅपटॉपही मीच लावतो. स्वानंद सांगत फिरतो की त्याले ओळी लागतच नाहीत. मग मी त्या पुसूनच टाकतो. पाहू किती कळते त्याले.

तोच तुर्की सिनेमा पेन ड्राइव्हवर पाठवला आहे. आईले दाखव.

तुझा,
प्रशिक

भिवापूर
४ ऑगस्ट

चि. प्रशिक यास,
अनेक आशीर्वाद.

आईले वाचता येत नाही, तरी मिरच्यांचे देठ खुडत पूर्ण सिनेमा पाहिला. म्हणाली, हे आपलंच गाव आहे, थंडी तेवढी जास्त. बाबा दारातून पाहून राहिले होते. सिनेमातले बाप-लेक जेवाले बसले, तसे मधातच उठून गेले.

ओळी पुसू नको गा. स्वानंदची जिरवाच्या नादात पोरगी गमावशील.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

नागपूर
११ ऑगस्ट

ती. ताईस,
जयभीम.

पुसल्या. दहा मिनिटांत कुजबुज सुरू झाली. स्वानंद उठला आणि समजावू लागला, की पडद्यावरचा म्हातारा मालक आहे अन् पोरगा त्याचा नोकर. हॉल झाडणाऱ्या भीमाबाई मागून बोलल्या, "बाप हाय गा तो. बोलत नाही, पण आपल्या ताटातली भाकर त्याच्या ताटात टाकते. मालक असा वाढते का?" सगळा हॉल हसला. स्वानंदचं तोंड पाहून माझं पोट भरलं.

 ओळींशिवाय लोकं शेवटपर्यंत बसले, काही रडलेही. दामिनी जाताना माझ्यापाशी थांबली. वाटलं, आता हसते.

ती म्हणाली, "स्वानंद चुकला, पण पडद्याकडे पाहून राहिला होता. तू पूर्ण वेळ त्याच्याकडे पाहत होता."

अन् त्याच्याच गाडीवर बसून गेली.

आता मले दोघांचाही राग येऊन राहिला. 'मी म्हणाली होती ना', असं मात्र लिहू नको. बाकी माया राहू दे.

तुझाच,
प्रशिक